आबांची मान, नानांची घंटी

“आणि ताई, दुसऱ्याचं बघून गोळी कमी-जास्त करू नका,” असं रूपाली सिस्टरने सांगितलं, तेव्हा मृणालीला जरा रागच आला होता. असं कोण करतं? आपण काय अडाणी आहोत? बी.एस्सी. झालेल्या बाईला हे सांगायचं? पण कडेवर दोन वर्षांची रिद्धी रडत होती, एका हातात एक्स-रेची पिशवी, दुसऱ्या हातात चपला, आणि खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ती “हो हो, माहितीये” म्हणाली, सिस्टरने दिलेला कागद घडी करून रिद्धीच्या लंगोटांच्या पिशवीत सारला आणि जिना उतरली.

धुळ्याच्या त्या दवाखान्यातून त्या शनिवारी तिच्या सासऱ्यांना घरी सोडलं होतं. सासरे म्हणजे देवचंद आबा. एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, त्यातली एकवीस जळगाव–धुळे याच मार्गावर. आता वय सदुसष्ट. होळीच्या आसपास एकदा त्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला आणि उजव्या डोळ्यापुढे पाच मिनिटं पडदा आला. पडदा गेला, आबांनी दुसरा कप मागितला, आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मृणालीने मात्र टाकला नाही. तिने पाठपुरावा करून तपासण्या करायला लावल्या, आणि मानेतली उजवी मोठी नस ऐंशी टक्के बुजलेली निघाली. तेव्हा पहिल्यांदा सासूबाई, प्रमिलाबाई, सुनेला काही बोलल्या नाहीत. एरवी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, “इले मुंगी बी साप दिखस.” हिला मुंगीसुद्धा साप दिसते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आबा, मृणाली आणि तिचा नवरा भूषण यांना खोलीत बसवून समजावलं होतं. नस साफ करायच्या दोन रीती. एक, नस उभी चिरायची, आतला थर काढायचा आणि वरून ठिगळ लावून शिवून टाकायची. दुसरी सांगताना डॉक्टर थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि रिद्धीच्या पायातून गळून टेबलाखाली पडलेला मोजा उचलला.

“अहो, तो मळका आहे,” मृणाली म्हणाली.

“असू दे,” डॉक्टर म्हणाले. “ही नस समजा. बुडापासून कापायची आणि अशी उलटी करत न्यायची. आतला थर आपोआप बाहेर येतो. मग सुलटी करून पुन्हा जागेवर शिवायची. आबांची नस वयाने लांब होऊन वाकडी झाली आहे. या रीतीत जास्तीची लांबी काढून टाकता येते, म्हणून मी हीच करणार.”

“मग सगळ्यांचीच अशी का नाही करत?” भूषणने विचारलं.

“दोन्ही रीती चांगल्या आहेत. फरक नंतर दिसतो. नस जिथे दोन फाट्यांत वाटली जाते ना, तिथे रक्ताचा दाब ओळखणारी जागा असते. दाब वाढला की तिथले बारीक धागे मेंदूला खबर देतात, आणि मेंदू दाब खाली आणतो. पहिल्या रीतीत ते धागे बहुतेक वाचतात. कधीकधी तर साफ झालेल्या नसेमुळे ते जास्तच खबर देतात, आणि पेशंटचा दाब खाली जातो. दुसऱ्या रीतीत कापताना धागे तुटायचा संभव जास्त. मग काही दिवस दाब वर उडतो. सगळ्यांचा उडेलच असं नाही. पण लक्ष ठेवावं लागतं.”

आबा इतका वेळ छताकडे बघत होते. ते म्हणाले, “म्हणजे साहेब, गाडीचा स्पीड लॉक काढी टाकतस तुम्ही.”

“अगदी बरोबर. काही दिवसांसाठी.”

“मग गोळी म्हणजे ब्रेक.”

“ब्रेकच. आणि ब्रेक तुम्ही सोडायचा नाही.”

मृणालीचं अर्धं लक्ष डॉक्टरांच्या हातातल्या मोज्याकडे होतं. तो परत मागायचा की तसाच सोडून द्यायचा, हे तिला ठरवता येत नव्हतं.

ऑपरेशन मंगळवारी झालं, नीट झालं. शेजारच्या खाटेवर गुरुवारी ऑपरेशन होऊन तानुबाई आल्या, धरणगावजवळच्या एका खेड्यातल्या, साठीच्या. तोच आजार, तेच डॉक्टर. मुलगा पुण्याला, तो दोन दिवसांची रजा काढून आलेला. एरवी बाई एकट्याच राहायच्या. रिद्धीला त्यांनी खाटेवरूनच इतकं खेळवलं की मृणालीला तीनदा आबांना नीट जेवू घालता आलं. निघताना दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले.

जळगावला घरी आल्यावर मृणालीने भिंतीवर कॅलेंडरशेजारी कागद चिकटवला आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ बीपी मोजून लिहायला सुरुवात केली. बीपीच्या गोळ्या दोन, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, शिवाय रक्त पातळ करणारी वेगळी. शनिवारी १३८. रविवारी १४२, १३४, १४०. प्रत्येक वेळी मशीनचा आवाज आला की आबा डोळे मिटून घ्यायचे आणि प्रमिलाबाई म्हणायच्या, “हात सुजाडशी त्यासना.” त्यांचा हात सुजवशील.

सोमवारी सकाळी अकराला लोटन नाना आले.

लोटन नाना एरंडोलचे. आबांच्या गाडीवर ते चौदा वर्षं कंडक्टर होते. सारं खातं या जोडीला एका नावाने ओळखायचं, आणि कोणी एकटा दिसला तर दुसरा कुठे म्हणून विचारायचं. नानांनी पद्मालयाच्या गणपतीचा प्रसाद आणि एक डझन केळी आणली होती. दारातूनच त्यांचा आवाज आला.

“काय रे देवचंद, मान टांगेल शे का अजून?”

“शे, शे. ये. तुले कितलं टाके पडनात?”

“मले इतलं,” नानांनी मान वर करून आपल्या मानेवरची पांढरी रेघ दाखवली. कारण नानांचंही हेच ऑपरेशन झालेलं, दीड वर्षापूर्वी, जळगावात. आबांच्या आजाराचं नाव घरात पहिल्यांदा निघालं, तेव्हा सगळ्यांना धीर आला तो याच कारणाने. लोटनचं झालं ना, तो फिरतो ना एसटीने, मग झालं तर.

चहा झाला. नानांनी भिंतीवरचा कागद वाचला, मग मोबाइलच्या उजेडात गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचलं, आणि मान हलवली.

“ही गोळी? दोन टाइम? वहिनी, ही मले बी दिन्ही व्हती. आठव्या रोजले मी मोरीमा पडनू. डोकं नळवर आपटनं. बीपी कितलं? नव्वद! डॉक्टर मनावर वरडना, गोळी कोण घेवाले सांगं? त्यानीच लिही दिन्ही व्हती, पण जाऊ द्या. बंद करी. आते दीड वरीस व्हयनं, बठ्ठं बेस शे.” म्हणजे गोळी बंद केली, आणि दीड वर्षं सगळं ठीक.

प्रमिलाबाईंचा चेहरा उतरला. “पडना तुम्ही? आणि आम्हाले सांगं बी नही?”

“काय सांगू! कंडक्टर मोरीमा पडना, हाई काय सांगाची गोष्ट शे?”

आबा हसले, पण हसून झाल्यावर म्हणाले, “मले बी सकायले उठानं म्हनजे गरगरस.”

मृणालीला हे माहीत नव्हतं. सकाळचं बीपी अजून मोजायचं राहिलंच होतं, तिने तिथेच मशीन आणलं. ११२. पुन्हा लावलं. ११०. कागदावरच्या १४०च्या खाली तिने ११० लिहिलं, आणि तिला तो आकडा एकदम विहिरीसारखा दिसला. गेल्या तीन दिवसांत तिने फक्त वरची भीती धरून ठेवली होती. खालच्या भीतीचा तिने विचारच केला नव्हता. मोरीतला तो नळ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांच्या मोरीतही तसाच नळ होता.

“दवाखान्यात फोन करू का?” ती म्हणाली.

“कर की,” नाना म्हणाले. “पण ते काय सांगतील? घ्या म्हणतील. पडल्यावर आपल्यालाच उचलावं लागतं. संध्याकाळची सोडून बघ ना एक दिवस, सूनबाई. मी काय डॉक्टर नाही. पण माझी मान आणि याची मान एकच.”

आबांनी निकाल देऊन टाकला, “लोटन सांगस ते बरोबर शे.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आबांचं हे वाक्य कळायचं नाही. एसटीत ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. दारात कोण लोंबकळतंय, कुठली म्हातारी अजून चढते आहे, कुणाचं गाठोडं खाली राहिलं, हे सगळं कंडक्टर बघतो आणि घंटी मारतो. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नसतं. आबांनी चौदा वर्षं नानांच्या घंटीवर गाडी हलवली आणि थांबवली, आणि त्या चौदा वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. तो विश्वास असा दोन वाक्यांत जात नसतो. शिवाय जिथे आपल्याला काहीच दिसत नाही, त्या जागेबद्दल नाना बोलत होते.

मृणालीला तरी कुठे दिसत होतं? भूषण कारखान्यात होता. त्याने फोनवर “तुला काय वाटतं?” एवढंच विचारलं. तिने दवाखान्याला फोन लावला, तो दोनदा व्यस्त लागला, तिसऱ्यांदा तिने लावला नाही. संध्याकाळची गोळी तिने दिली नाही.

एवढ्यावर थांबली असती तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण त्याच संध्याकाळी तानुबाईंचा फोन आला. त्यांना त्या दिवशी सुट्टी मिळून त्या गावी पोहोचल्या होत्या आणि रिद्धीची आठवण येत होती. बोलता बोलता मृणाली म्हणून गेली, “मावशी, उठताना गरगरतं का हो तुम्हाला? आबांना गरगरायचं. एक ओळखीचे आहेत, त्यांचं हेच ऑपरेशन झालंय, त्यांना ही गोळी फार खाली नेत होती. आम्ही संध्याकाळची बंद केली.” पलीकडून तानुबाई म्हणाल्या, “असं का? बरं झालं बाई सांगितलंस.” आणि मृणालीला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. कुणाला तरी काहीतरी उपयोगाचं सांगितल्यासारखं.

मंगळवारी सकाळी बीपी १४६ होतं. गोळी द्यायची का नको, या घोळात सकाळचीही राहिली. “दुपारचं बघून देऊ,” असं ठरलं. दुपारी दीडला आबा जेवायला बसले, खिचडीचे दोन घास घेतले आणि ताट सरकवलं.

“डोकं दुखस.”

“ऊन लागनं व्हई,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “कोण सांगं व्हतं ओट्यावर बसाले?” त्या कांदा फोडायला उठल्या.

मृणाली रिद्धीला भरवत होती. ती तशीच खरकट्या हाताने वळली. “आबा, कुठे दुखतंय? कुठल्या बाजूला?”

आबांनी उजव्या भुवईवर बोट ठेवलं. “आठे. डोळाना मांघे.”

तिने हात धुतला नाही. मशीन लावलं तेव्हा पट्ट्याला खिचडी लागली. आकडा चढत गेला, खाली येताना अडखळला आणि थांबला. १९४. तिने आबांचा हात धरूनच ठेवला होता, म्हणून तिला कळलं, त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप उडत होतं. आबांचं त्याकडे लक्षही नव्हतं.

कागद. कुठे ठेवला? लंगोटांच्या पिशवीत. तिने पिशवी जमिनीवर उलटी केली. पावडरचा डबा, रुमाल, दवाखान्यातून परत आलेला तो एक मोजा, आणि त्याला चिकटलेला कागद. त्यावर तीन ओळी होत्या. वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर फोन करा. ऑपरेशनच्या बाजूचं डोकं किंवा डोळा दुखला, हातपाय उडाले, तर वाट बघू नका. दुसऱ्याचं बघून औषध बदलू नका. खाली निळ्या पेनाने एक नंबर.

रूपाली सिस्टरने पहिल्याच रिंगला उचललं. मृणालीने आकडा सांगितला, भुवई सांगितली, बोटं सांगितली.

“गोळ्या चालू आहेत ना?”

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. “काल संध्याकाळपासून दिल्या नाहीत. आम्हीच बंद केल्या.”

सिस्टर रागावली नाही. त्याचंच मृणालीला नंतर जास्त वाटलं. “घरी आता काही देऊ नका, झोपवून ठेवा, डोकं थोडं वर. जळगावात जिथे अतिदक्षता विभाग आणि स्कॅनची सोय आहे तिथे लगेच न्या. डॉक्टर तिथल्या डॉक्टरांशी बोलतील, नंबर पाठवते.”

प्रमिलाबाई कांदा हातात घेऊन उभ्या होत्या. “तठे कसाले? ऑपरेशन धुयाना डॉक्टरनी करेल शे. धुयाले चाल. गाडी बलाव.”

“आई, धुळ्याला जायला दोन तास लागतील.”

“दीड,” आबा खाटेवरून म्हणाले. डोळे मिटलेले, आवाज जड. “पारोळापर्यंत रस्ता मोकळा शे.”

“आबा, दीडसुद्धा नाही. दहा मिनिटांत जिथे पोहोचू तिथेच जायचं.” आपण सासऱ्यांशी या आवाजात बोलतो आहोत, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. मग तिने रिद्धीला शेजारच्या कुंदाबाईंच्या हातात दिलं, तोंड न पुसताच, आणि रिक्षाला हाक मारली.

दवाखान्यात आबांना शिरेतून औषध लावलं. तिथल्या डॉक्टरांनी बीपी धाडकन खाली आणलं नाही, हळूहळू उतरवलं. स्कॅन झाला. भूषण कारखान्याच्या गणवेशातच येऊन पोहोचला. चारच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले.

“रक्तस्राव नाही,” ते म्हणाले. “उजव्या बाजूला मेंदूला थोडी सूज आहे. वर्षानुवर्षं तिथे कमी रक्त जात होतं. आता नस मोकळी, आणि वर दाब एवढा. बारीक पाटात एकदम कालव्याचं पाणी सोडल्यासारखं. अजून तास-दोन तास घरी काढले असते, तर मी काही सांगू शकलो नसतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना यांची?”

“ती चालू होती,” मृणाली म्हणाली.

“हं,” एवढंच ते म्हणाले. त्या ‘हं’चा अर्थ तिला कळला: रक्त पातळ आणि दाब एवढा, आत नस फुटली असती तर रक्त थांबलं नसतं.

“पण डॉक्टर, काल तर एकशे दहा होतं,” भूषण म्हणाला.

“होणारच. खबर देणारे धागे जागेवर नसले की दाब वरही उडतो आणि खालीही येतो. एका आकड्यावरून ठरवायचं नसतं. गरगरतंय तर ते डॉक्टरला सांगायचं, मग गोळी बदलतात. बंद नाही करत.”

बुधवारी सकाळी आबा बसते झाले. बोटं थांबली होती, डोकं हलकं होतं, बीपी १३६. दहाला लोटन नाना आले. या वेळी केळी नव्हती, मृणालीने फोनवर मागवलेला त्यांच्या ऑपरेशनचा जुना कागद होता. ते खाटेपासून चार पावलांवर उभे राहिले. मृणालीने तो वाचून त्यांना सगळं सांगितलं: नानांची नस उभी चिरून ठिगळ लावलेली, आबांची मोज्यासारखी उलटवलेली. नानांचे धागे शाबूत, म्हणून दाब खाली गेला. आबांचे तुटले, म्हणून वर. रेघ दोघांच्या मानेवर सारखीच, आत मात्र काम वेगळं.

“म्हणजे मी…” नाना म्हणाले.

“लोटन,” आबा म्हणाले, “चौदा वरीसमा पहिलांदा तू चुकीनी घंटी दिन्ही.”

“मना गुन्हा शे, देवचंद.”

“तुना नही. मांघे वळी देखाले पाहिजे व्हतं मी.” मग त्यांनी सुनेकडे बघितलं. “मांघे देखणारी मन्हा घरमाच व्हती. तिना कागद पिशवीमा ऱ्हायना.”

ते टोचून बोलले नव्हते. जसं झालं तसं सांगत होते. प्रमिलाबाई खिडकीपाशी बसून मोसंबी सोलत होत्या. एक फोड त्यांनी आधी सुनेच्या हातावर ठेवली, मग नवऱ्याच्या.

ती फोड तोंडात घालताना मृणालीला तानुबाई आठवल्या.

“बरं झालं बाई सांगितलंस.”

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि फोन लावला. रिंग गेली, पूर्ण गेली, थांबली. पुन्हा लावला. गुरुवारचं ऑपरेशन, म्हणजे आज सहावा दिवस. आबांचं सातव्या दिवशी झालं होतं. रूपाली सिस्टरला तिने विचारलं, तानुबाईंची नस कशी केली होती? “तशीच,” सिस्टर म्हणाली, “आबांसारखीच. काल आबांचं असं झाल्यापासून आम्हीही लावतोय, उचलत नाहीत. मुलाचा नंबर बंद लागतोय.” शेतात गेल्या असतील, फोन घरी खाटेवर असेल. असंही असेल. मृणालीने अकरा वेळा लावला. खेड्याचं नाव तिने कधी विचारलं नव्हतं, दवाखान्याच्या कागदावरही नुसतं धरणगाव लिहिलेलं, आणि गावातल्या कुणाचाच दुसरा नंबर तिच्याकडे नव्हता. भूषण मोटरसायकल काढून निघालाच होता, पण त्याला पोहोचायला तास तरी लागणार होता, आणि गाव, घर शोधायला आणखी वेळ.

तेव्हा तिने व्हरांड्यातल्या बाकावर बसून एक मजकूर लिहिला आणि तिच्या फोनमध्ये जेवढे गट होते, माहेरचे, कॉलनीचे, कॉलेजच्या मैत्रिणींचे, तेवढ्यांवर पाठवला. आलेलं पुढे ढकलायची तिला सवय नव्हती, आणि कुणी ढकललं तर ती वाचायची नाही. हा मात्र तिने स्वतः लिहिला होता. तो असा:

‘धरणगावच्या आसपास जे कोणी हे वाचत असेल त्यांनी कृपा करून वाचून ठेवून देऊ नये. तुमच्या गावात तानुबाई नावाच्या साठीच्या बाई एकट्या राहतात, मानेवर उजव्या बाजूला ताजे टाके आहेत, मुलगा पुण्याला असतो. त्या फोन उचलत नाहीत. मी त्यांना बीपीच्या गोळीबद्दल चुकीचं सांगितलं आहे. चूक माझी आहे. त्यांच्या घरी जा. डोकं दुखतं का, कुठल्या बाजूचं, एवढं विचारा. दुखत असेल तर मला विचारत बसू नका, पहिल्या मिळेल त्या गाडीत बसवून मोठ्या दवाखान्यात न्या. दुखत नसेल तर सांगा की रिद्धीच्या आईने सांगितलंय, गोळी बंद करू नका, धुळ्याच्या दवाखान्यात फोन करा. आणि त्या ठीक असतील तरी मला कळवा, माझा नंबर खाली आहे. आत्ता जा.’